'कट्यार' दारव्हेकर मास्तरांची, आवाज वसंतरावांचा. आणि चाली? पं. जितेंद्र अभिषेकींबद्दल बोलू या

महालकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आपल्या नागपुरात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की 'कट्यार काळजात घुसली'मधलं एक तरी पद होतंच. निवेदक अभिमानानं सांगतो, नाटक आपल्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचं. मग वसंतराव देशपांड्यांचं नाव येतं. जन्म मूर्तिजापूरचा, पण वाढले नागपुरात, सुरुवातीची तालीम शंकरराव सप्रे गुरुजींकडे इथेच झाली, सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. हे सगळं सांगायलाच हवं. पण मग पद सुरू होतं, संपतं, टाळ्या पडतात, आणि चाल कोणाची हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. एका पत्रिकेत तर 'संगीत' या शब्दापुढे वसंतरावांचंच नाव छापलेलं पाहिलं आणि राहवलं नाही.

या चाली पं. जितेंद्र अभिषेकींच्या आहेत.

२१ सप्टेंबर १९२९ला गोव्यात मंगेशीला जन्म. घराण्याचं आडनाव नवाथे. वडील बाळूबुवा कीर्तनकार; पहिले धडे त्यांच्याकडेच. पुढे गिरिजाबाई केळेकर, मुंबईत अझमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास', आणि जयपूर घराण्याच्या बंदिशींचा मोठा साठा जपणारे गुलुभाई जसदनवाला. मुंबई आकाशवाणीत नोकरी. संस्कृतचा व्यासंग. आणि मग १९६४ला धि गोवा हिंदू असोसिएशनचं 'मत्स्यगंधा'.

तिथून पुढची वर्षं पाहा. १९६६ला शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी', त्याच वर्षी कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाहली', १९६७च्या डिसेंबरात 'कट्यार', १९६८ला रणजित देसाईंचं 'हे बंध रेशमाचे'. चाळिशीही गाठली नव्हती. पाच नाटकं, आणि एकाचं संगीत दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही. पौराणिक वेगळं, संसारी वेगळं, गवयांच्या घरातलं वेगळं.

हे मोठं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. किर्लोस्करांनी १८८०ला 'शाकुंतल' केलं तेव्हा लोकांच्या कानात बसलेल्या साक्या, दिंड्या, लावण्यांच्या चाली उचलल्या होत्या. १९११ला 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे आणि १९१६ला 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले आले आणि ख्याल-ठुमरीच्या बंदिशी रंगभूमीवर उतरल्या. त्या चाली आजही जिवंत आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण हळूहळू मैफल नाटकाच्या डोक्यावर बसली. नायिका रडता रडता वन्स मोअर घ्यायची आणि कथा तिथेच थांबून राहायची. बोलपट आले आणि कंपन्या बसल्या. १९६०च्या सुमारास 'पंडितराज जगन्नाथ', 'सुवर्णतुला', 'मंदारमाला' यांनी प्रेक्षक परत आणला, आणि त्या लाटेत अभिषेकी आले ते वेगळाच विचार घेऊन: पद कोण म्हणतंय, कोणत्या क्षणी म्हणतंय, आणि ते म्हणणाऱ्या नटाचा गळा कसा आहे.

'मत्स्यगंधा'त पराशर झालेले रामदास कामत तयारीचे गायक, कोळ्याची पोर झालेल्या आशालता मुळात अभिनेत्री. कामतांच्या वाट्याला 'गुंतता हृदय हे', 'साद देती हिमशिखरे'. आशालतांच्या वाट्याला 'गर्द सभोवती रान साजणी', 'अर्थशून्य भासे मज हा'. दोन्ही लोकांना तोंडपाठ. कोळ्याच्या पोरीच्या तोंडी गवयाची तान घातली नाही म्हणून ती पोर कोळ्याचीच राहिली. मला इथे अभिषेकी सगळ्यात मोठे वाटतात. स्वतः ख्यालगायक असलेल्या माणसाला पदात गायकी ओतण्याचा मोह किती होत असेल!

तुमच्याकडे काय आठवणी आहेत, कोणी कोणती नाटकं पाहिलीत, लिहा. वाद घालायचा असेल तर जरूर घाला.

---

लक्ष्मीनगरची_आजी

महालकर, बरं केलं हा विषय काढला.

'कट्यार' मी धनवटे रंगमंदिरात पाहिली, लग्नाच्या आधी, बाबांबरोबर. बाबा मास्तरांना ओळखत होते म्हणून आम्हाला कौतुक जास्त. वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन, भार्गवराम आचरेकर पंडितजी, फैय्याज झरीना. आजकाल कार्यक्रमात सुटी सुटी पदं होतात, त्यामुळे नव्या पिढीला प्रसंगच ठाऊक नसतो. स्पर्धेत पंडितजी हरतात, राजगायकाची हवेली सोडून जातात, आणि तिथे खाँसाहेब येतात. त्या हवेलीत पाऊल ठेवल्यावर ते जे पहिलं म्हणतात ते 'या भवनातील गीत पुराणे'. जुने हळवे सूर इथून जाऊ द्या, असा त्याचा भाव. जिंकलेल्या माणसाचं पद आहे ते. वसंतरावांनी ते असं म्हटलं की माझ्या शेजारची बाई चिडून 'अगं बाई, किती तो माज' म्हणाली. आणि पुढच्याच अंकात त्याच माणसासाठी तिच्या डोळ्याला पदर!

आता एवढंच सांगते, तो माज चालीत आहे. शब्द कागदावर वाचले तर इतके टोचत नाहीत.

---

तीन_ताल

महालकर भाऊ, तुमचा मुद्दा समजला, पण पूर्ण पटत नाही. अभिषेकी बुवा थोरच. पण चाल हा सांगाडा असतो. 'सुरत पिया की' दुसऱ्या कोणी गायल्यावर तसं होते का? वसंतराव त्यात जे करून राहिले होते ते कोणत्या नोटेशनमध्ये लिहून देता येते? राग बदलत जाणं, तिहाया, मधेच सरगम, सगळं त्यांच्या डोक्यातून त्या त्या रात्री निघालेलं. लोक वसंतरावांचं नाव घेतात ते काहून, ते लोकांना कळते म्हणूनच ना?

---

पायपेटी

मी साथीला बसणारा माणूस, त्यामुळे या वादात बोलायला हरकत नसावी.

तीन_ताल म्हणतात ते अर्धं बरोबर. वसंतरावांनी त्या पदांत रोज नवं केलं, हे जुने साथीदार सांगतात. पण 'घेई छंद मकरंद' घ्या. नाटकात हे एकच पद दोन चालींत आहे. शब्द तेच. एक चाल पंडितजींच्या घराण्याची, दुसरी खाँसाहेबांची. एक धानी रागातली, एक सालगवराळी रागातली. मास्तरांनी दोन गायकींचं भांडण संवादांत मांडलं, आणि बुवांनी ते प्रेक्षकाच्या कानावर आणून ठेवलं. ज्याला राग म्हणजे काय हेही माहीत नाही, त्यालासुद्धा दोन चाली ऐकून कळतं की ही दोन वेगळी घरं आहेत. एक फुलाजवळ थांबतं, दुसरं झडप घालतं. हे गायकानं केलेलं नाही. गायक येण्याआधी पेटीवर बसून एका माणसानं ठरवलेलं आहे, की इथे मोकळी जागा ठेवायची आणि इथे ठेवायची नाही. वसंतरावांना जी मोकळीक मिळाली तीसुद्धा बुवांनीच चालीत ठेवलेली होती. भार्गवरामांच्या 'दिन गेले भजनाविण सारे'मध्ये ती तशी नाही, कारण थकलेल्या माणसाला पल्लेदार ताना शोभत नाहीत.

साथीला बसल्यावर आणखी एक गोष्ट हाताला कळते. बुवांचा मुखडा लहान असतो, पण तो उचलायची जागा नेमकी असते. जरा आधी उचलला तरी पद लंगडं पडतं. आमच्यासारख्यांना त्यासाठी वेगळा रियाज करावा लागतो.

---

मंगेशीकन्या

मी मूळची गोव्याची, लग्नानंतर धरमपेठेत आले आणि इथलीच झाले.

अभिषेकी हे नाव मंगेशाच्या देवळातल्या अभिषेकाच्या मानावरून आलं. आमच्याकडे लहान मुलाच्या कानावर आधी देवळातला चौघडा पडतो, मग आरत्या, मग कीर्तन. बाळूबुवा कीर्तनकार होते हे महालकरांनी एका ओळीत लिहिलं, पण मला ते फार मोठं कारण वाटतं. कीर्तनकार गाताना गोष्ट सोडत नाही. आख्यान रंगात आलेलं असताना पद कुठे घ्यायचं, किती घ्यायचं, श्रोता कथेतून सुटू नये म्हणून कुठे आवरायचं, हे त्या मुलानं घरातच पाहिलं. नंतर नाटकात त्यांनी पद आवरलं, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

दुसरं, मास्टर दीनानाथही आमच्या मंगेशीचेच. आणि वसंतरावांच्या गाण्यावर दीनानाथांची छाप किती होती हे नागपूरकरांना मी काय सांगू. म्हणजे 'कट्यार'मध्ये मंगेशीच्या माणसानं चाल बांधली ती अशा गळ्यासाठी, ज्यानं मंगेशीच्याच दुसऱ्या माणसाला गुरुस्थानी मानलं होतं. मला हे ऐकताना फार बरं वाटतं.

---

नवशिका_गवई

नमस्कार, मी इंजिनिअरिंगला आहे, गाणं शिकतो. राहुल देशपांडे आणि महेश काळे यांचं पुनरुज्जीवित 'कट्यार' मी यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांत पाहिलं, आणि २०१५चा सिनेमा. मला या नाटकात ओढून नेलं ते सिनेमानं. पण त्यातली कोणती गाणी जुनी आणि कोणती शंकर-एहसान-लॉय यांची हे मित्रांना सांगता येत नाही. कोणी सांगेल का?

आणि दुसरा प्रश्न. आम्ही काही मुलंमुली मिळून फक्त अभिषेकींच्या चालींचा छोटा कार्यक्रम करायचा विचार करतोय. कुठून सुरुवात करावी?

---

महालकर

नवशिका_गवई, फार आनंद झाला. तुझ्या कार्यक्रमावर पायपेटी बोलतीलच. सिनेमाचं सांगतो: 'घेई छंद', 'तेजोनिधी लोहगोल', 'सुरत पिया की', 'या भवनातील', 'लागी कलेजवा कटार' ही मूळ नाटकातली, अभिषेकींची. 'अरुणी किरणी', 'दिल की तपिश', 'मनमंदिरा' ही नवी. 'अरुणी किरणी'साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ते शिष्य कोणाचे? अभिषेकीबुवांचेच.

आता तीन_ताल, तुमच्याकडे येतो. पायपेटींनी चालीचं सांगितलं. मला माणसांचं सांगायचं आहे.

'कट्यार'चा विषय काय? घराण्याची भिंत. विद्या आपल्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही हा हट्ट, आणि ती चोरून का होईना शिकायला आलेला सदाशिव. आता हे नाटक उभं करणारी माणसं पाहा. अभिषेकी आग्र्याचं गाणं शिकले, जयपूरचं शिकले, पंडितांकडे शिकले आणि खाँसाहेबांकडेही शिकले. वसंतरावांनी नागपुरात सप्रे गुरुजींकडे सुरुवात केली, लाहोरला असद अली खाँ, पुण्यात किराण्याचे सुरेशबाबू माने, शिवाय भेंडीबाजारचे अमान अली खाँ. दोघांनाही 'तुझं घराणं कोणतं' या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता आलं नसतं. मास्तरांनी नाटकात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे दोघं आधीच जगून बसलेले होते. म्हणून खाँसाहेबांची चाल खोटी वाटत नाही आणि पंडितजींचीही नाही. एकाच घराण्यात जन्मभर बसलेल्या संगीतकारानं दुसऱ्या बाजूला नकळत कमी जोर दिला असता. अभिषेकींनी दिला नाही. त्यांना दोन्ही घरं आपली होती.

वसंतरावांचं नाव घेऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्या शेजारी आणखी एक नाव घ्या, इतकंच.

---

तीन_ताल

हे असद अली खाँ, अमान अली खाँ आणि बुवांच्या गुरूंचं शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. हा मुद्दा चांगला आहे, मान्य.

पण एक सांगून ठेवतो, तुम्ही 'कट्यार'वरच अडकून राहिले. अभिषेकींचं सगळ्यात धाडसाचं काम माझ्या मते 'लेकुरे उदंड जाहली'. त्यात रागदारी पदं नाहीतच. नवराबायको बोलता बोलता गायला लागतात आणि गाता गाता बोलायला. श्रीकांत मोघे आणि दया डोंगरे. शब्द बोलण्याच्या वेगात, त्यात विनोद, आणि तरी लय सुटायची नाही. पश्चिमेकडच्या संगीतिकेत असते तशी पद्धत, पण मराठी बोलण्याच्या चढउतारावर बेतलेली. ज्या वर्षी हे केलं त्याच वर्षी 'ययाति'. एका हातानं 'सर्वात्मका सर्वेश्वरा' आणि दुसऱ्या हातानं हे! शास्त्रीय गवई असं करायला धजत नाहीत.

---

महालकर

अगदी. आणि 'लेकुरे'मुळे हेही दिसलं की संगीत नाटकाला राजे, ऋषी आणि गवई लागतातच असं नाही. दुर्दैवानं त्या वाटेनं पुढे फार लोक गेले नाहीत.

---

रेशीमबाग२०

एक भर घालतो. आमच्या वस्तीतून आषाढीला दिंडी निघते. त्यात 'अवघे गरजे पंढरपूर' होतं, दरवर्षी. शाळेत तेच, देवळात तेच, लग्नातल्या बँडवरही मी ते ऐकलंय. सगळे संतांचा जुना अभंग समजून गातात. ते 'गोरा कुंभार' नाटकातलं पद आहे. शब्द अशोकजी परांजपे यांचे, चाल अभिषेकींची, मूळ गायक प्रकाश घांग्रेकर. लोकांनी नाटक विसरून पद घरी नेलं.

महालकर म्हणतात तसं नाव सांगायलाच पाहिजे, पण माझ्या मनात येतं की संगीतकाराला यापेक्षा मोठं काय मिळणार?

---

लक्ष्मीनगरची_आजी

रेशीमबाग, मोठं मिळालं हे खरं, पण म्हणून नाव न घेण्याची सवलत आपल्याला मिळत नाही. ज्ञानेश्वर-तुकारामांची नाममुद्रा अभंगातच असते, तिथे काही करावं लागत नाही. चाल बांधणाऱ्याची मुद्रा कुठेच नसते. ती आपणच सांगायची.

---

पायपेटी

आजी, एकदम बरोबर.

आता नवशिका_गवईसाठी. जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हे कार्यक्रम नेहमी एकाच पद्धतीनं होतात.

पहिलं, रेकॉर्डची पट्टी धरू नको. बुवांनी चाल ज्या गळ्यासाठी बांधली तो गळा तुझा नाही. आपल्याला जिथे तार षड्ज मोकळा लागतो ती पट्टी घे. रामदास कामतांचा आवाज वरच्या पट्टीत टोकदार जायचा. त्यांची पदं त्यांच्याच पट्टीत गायच्या नादात चांगल्या मुलांचे आवाज चिरतात, ते मी दर वर्षी पाहतो.

दुसरं, सुरुवात 'काटा रुते कुणाला'पासून कर. 'हे बंध रेशमाचे'मधलं, शब्द शांता शेळके यांचे, भीमपलासाच्या अंगाचं. दिसायला सोपं आहे आणि अजिबात सोपं नाही. बुवांनी स्वतः गायलेलं ऐक. एकही स्वर मोठ्यानं लावलेला नाही, हरकत आली तरी शब्द तुटत नाही. अर्थ कळून गायचं शिक्षण या एका पदात होऊन जातं. त्याच नाटकातलं 'विकल सांजवेळी' मुलींपैकी कोणाला तरी दे.

मग 'हे सुरांनो चंद्र व्हा'. हे चारुकेशीत आहे. चारुकेशी मूळ कर्नाटक संगीतातला राग, तिकडच्या मेळकर्त्यांत, म्हणजे मूळ रागांच्या यादीत, २६वा. गंमत अशी की खालचं अर्ध सप्तक पूर्ण शुद्ध स्वरांचं, प्रसन्न. पंचमाच्या वर गेलं की धैवत आणि निषाद कोमल. म्हणजे हसत चढायला लागतो आणि वर गेल्यावर गळा दाटतो. कुसुमाग्रजांचे शब्द पाहा, सुरांना चंद्र व्हायला सांगणारी ती बाई विरहात आहे. आशा आहे आणि व्यथा आहे. राग निवडला तिथेच अर्धं काम झालं. त्या वेळी आपल्याकडे चारुकेशी आजच्यासारखा घरोघरी झालेला नव्हता. दक्षिणेकडचे राग मराठी कानाला नाटकातून गोड करून देणं, हे बुवांचं मोठं काम आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं.

'तेजोनिधी लोहगोल' लगेच घेऊ नको. ललिताच्या अंगाचं आहे, दोन मध्यम सांभाळावे लागतात, शब्द संस्कृतप्रचुर आणि जोडाक्षरांनी भरलेले. सूर्याचं स्तवन आहे, त्यात उच्चार सैल पडला की सगळं गेलं. आधी शब्द नुसते तालात म्हणायचे, निदान महिनाभर, मग सूर लावायचा.

आणि साथ. पायपेटी किंवा ऑर्गन मिळाला तर उत्तम, नाही तर साधी पेटी आणि तबला. कीबोर्डवर सतारीचे आणि बासरीचे आवाज काढून पद सजवू नका. ते भरलं की शब्दांमधला श्वास नाहीसा होतो.

---

नवशिका_गवई

पायपेटी काका, हे लिहून घेतलं. एक विचारतो. मूळ चालीत किती बदल केलेला चालतो? आमच्यातली एक जण म्हणते की पद जसंच्या तसं गावं, दुसरा म्हणतो आलाप-ताना घेतल्याच पाहिजेत.

---

मंगेशीकन्या

बुवा मैफलीत स्वतःची नाट्यपदं गात, तेव्हा ती वाढवत. आणि नाटकात नटाकडून ती आवरून गाऊन घेत. म्हणजे जागा पाहून ठरवायचं. रंगमंचावर पात्र उभं असेल तर पात्राचं ऐकायचं, मैफलीत बसला असाल तर रागाचं.

त्यांचे शिष्य पाहा ना. आशा खाडिलकर, प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, देवकी पंडित, शौनक अभिषेकी, महेश काळे. एकाचं गाणं दुसऱ्यासारखं नाही. गुरूनं छाप मारून सोडलं असतं तर असं झालं नसतं. जसा नटाचा गळा पाहून चाल, तसा शिष्याचा गळा पाहून तालीम.

---

तीन_ताल

मंगेशीकन्या ताईंचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे.

नवशिका, तू आलाप घे, पण मुखड्यावर परत येताना पायपेटी सांगतात ती जागा चुकवू नको. बस.

---

वर्धारोड_वाचक

बाकी सगळं ठीक, पण आज संगीत नाटक पाहतं कोण? पदं ऐकायला लोक येतात, नाटक पाहायला नाही.

---

महालकर

असं म्हणून सोडून देणं मला जमत नाही. १९६४लाही लोक हेच म्हणत असणार. बोलपटांनी कंपन्या गिळल्याला तीस वर्षं होऊन गेली होती. तेव्हा एका पस्तिशीच्या माणसानं 'मत्स्यगंधा'त पदं आटोपशीर केली, कथा थांबू दिली नाही आणि ज्याला जेवढं गाता येतं तेवढंच त्याच्या गळ्यात घातलं. लोक आले. पुढे २०१०ला 'कट्यार' पुन्हा उभं राहिलं तेव्हाही तरुण पोरं तिकिटं काढून आली. माणसं संगीत नाटकाला कंटाळत नाहीत. थांबलेल्या नाटकाला कंटाळतात.

आपल्याकडे तर आणखी एक कारण आहे. दारव्हेकर मास्तर नागपुरात नाटक शिकले आणि इथल्या कित्येकांना त्यांनी शिकवलं. 'वऱ्हाडी माणसं' लिहिणारा हाच माणूस 'कट्यार'ची संस्कृतप्रचुर पदं आणि खाँसाहेबांची उर्दू लिहितो. ती पदंही त्यांचीच, हे किती लोकांना माहीत आहे? 'घेई छंद मकरंद'मधला अनुप्रास ज्यानं लिहिला त्यानं चालीला अर्धी लय आधीच देऊन ठेवली होती. मास्तर आणि बुवा यांच्यातलं हे देणंघेणं रंगमंचावर दिसतं, ते सुट्या पदांच्या कार्यक्रमात दिसत नाही. म्हणून नवशिका, जमलं तर एक प्रवेश तरी करा. हवेलीत खाँसाहेब येतात तोच. आजींनी सांगितलेला.

---

लक्ष्मीनगरची_आजी

करा. मी पहिल्या रांगेत बसेन.

बुवांना पद्मश्री मिळाली १९८८ला, त्याच्या पुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. गेले ७ नोव्हेंबर १९९८ला. पोरांनो, नोव्हेंबरात करा, तेव्हा नागपुरात संध्याकाळी बाहेर पडायला बरं वाटतं, आमच्यासारख्यांनाही येता येईल.

---

नवशिका_गवई

नोव्हेंबर ठरवू या. आमच्याकडे खाँसाहेब करायला एक मुलगा आहे, आवाज भारी आहे, उर्दू उच्चार कच्चे आहेत. कोणी शिकवेल का?

---

रेशीमबाग२०

उर्दूचं माझ्याकडे लागलं. आमच्या शेजारी मोमिनपुऱ्यातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांना नाटकाचं फार वेड. विचारून सांगतो.

---

पायपेटी

पेटी माझी. तबल्याला तीन_ताल तुम्हीच बसा, वादही तिथेच मिटवू.

क्रम असा ठेवू: सुरुवातीला 'सर्वात्मका सर्वेश्वरा', मग 'मत्स्यगंधा'तली दोन, 'हे बंध रेशमाचे'तली दोन, 'लेकुरे'तलं एक गाणं दोघांनी मिळून, मग हवेलीचा प्रवेश, त्यानंतर 'घेई छंद'च्या दोन्ही चाली पाठोपाठ, दोन वेगळ्या मुलांनी. शेवटी 'अवघे गरजे पंढरपूर', सगळ्यांनी. प्रत्येक पदाआधी कवी, संगीतकार आणि मूळ गायक अशी तिन्ही नावं घ्यायची. निवेदन महालकरांनी करावं.

---

महालकर

केलं. येत्या रविवारी संध्याकाळी पहिली बैठक माझ्याकडे, महालात. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. नवशिका, तुमच्यापैकी किती जण येणार ते शनिवारपर्यंत कळव.